यमाच्या मिशा

आर्वी
१२ सप्टेंबर २०२४

अच्युत,

'चिरंजीव' लिहायला हात उठला नाही, म्हणून नुसतं नाव लिहिलं. थोरल्या बहिणीनं पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद द्यायचा असतो, तोही सध्या बाजूला ठेवला आहे.

तुझा निरोप परवा मोबाइलवर आला. आईला जाऊन दहा महिने झाले. ह्या दहा महिन्यांत आपण होऊन पाठवलेला हा तुझा तिसरा निरोप. पहिला, "सगळं नीट पार पडलं ना?" दुसरा, आईच्या बाराव्याच्या दिवशी आलेला तुमच्या डॅलसच्या घरातल्या दिवाळीच्या दिव्यांचा फोटो. आणि हा तिसरा. "ताई, सुरभीला शाळेत प्रोजेक्ट आहे. हॅलोवीनसारखे भुताखेतांचे सण वेगवेगळ्या लोकांत कसे साजरे करतात. आपल्याकडचं काही असेल तर लिहून पाठव ना." आणि खाली जोडलेले दोन पिवळे हात.

तुला फोन करणार नाही हे मी मागच्या वर्षी एक नोव्हेंबरला ठरवलं. सहा वेळा केला होता, एकदाही उचलला गेला नाही. पत्र उचलावं लागत नाही, ते दारात येऊन पडतं, म्हणून पत्र. चौतीस वर्षं शाळेत शिकवलं आहे. पोरीनं काही विचारलं आणि मी सांगितलं नाही, असं माझ्याकडून व्हायचं नाही. तिच्या बापाशी असलेलं माझं वैर वेगळं.

सुरभीनं तिच्या तक्त्याचा फोटो पाठवला आहे. छान चौकटी आखल्या आहेत. आयर्लंडचे लोक पूर्वी सलगम कोरून आत दिवा ठेवायचे. मेक्सिकोचे लोक मेलेल्या माणसाच्या फोटोपुढे झेंडू आणि त्याच्या आवडीचं जेवण मांडतात, हे तिला तुमच्या शेजारणीनं सांगितलं. चीनचे लोक भुकेल्या भुतांसाठी कागदाची घरं जाळतात. आणि इंडियाच्या चौकटीत प्रश्नचिन्ह. तुझ्या घरात राहून तिला प्रश्नचिन्हच मिळणार होतं.

सुरभीसाठी: बाळा, आमच्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत निघते. काड्या, चिंध्या आणि कागदाची मोठी बाई करतात, तिचं तोंड मुद्दाम भेसूर रंगवतात. मुलं तिला गल्लीगल्लीतून मिरवतात आणि "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत!" असं ओरडतात. रोगराई, भांडणं, जे जे वाईट असेल ते तिच्यासोबत पाठवून द्यायचं. मग गावाबाहेर नेऊन तिला जाळतात. तुमच्याकडे भूत दारात येऊन खाऊ मागतं ना? आमच्याकडे भुताला घरातली घाण देऊन हाकलतात.

आता तुझ्यासाठी. तीन तारखेला मारबत आपल्या गल्लीतून गेली. मी फाटकाशी उभी होते. शेजारच्या शोभाबाई गुडघेदुखी घेऊन जा म्हणाल्या. मी तुझं नाव घेतलं. हळू नाही, चांगलं ऐकू जाईल असं घेतलं. शोभाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला.

सुधा

*

आर्वी
१८ सप्टेंबर २०२४

अच्युत,

आज पितृपक्ष लागला. सुरभीनं विचारलं होतं की तुमच्याकडे भुतांचा एकच दिवस असतो का. तिच्यासाठी वेगळा कागद जोडला आहे. रविवारच्या मराठी शाळेत ती शिकते आहे म्हणालास, तर तिचं तिला वाचू दे. अडलं तर तिची आई सांगेल, नमिता.

सुरभीसाठी: बाळा, आमच्याकडे एक दिवस नाही, पुरा पंधरवडा असतो. घरातून गेलेली माणसं ह्या दिवसांत जेवायला येतात. त्यांना कुणी घाबरत नाही, कारण ती आपलीच असतात. वडे, कढी आणि तांदळाची खीर करतात. पानावर वाढून ते पान छपरावर ठेवायचं. कावळा येऊन घास घेऊन गेला की आपलं माणूस जेवलं असं समजतात. ज्याचा त्याचा दिवस तिथीनं ठरतो. तिथी म्हणजे चंद्राची तारीख. माणूस गेला तेव्हा चंद्र किती मोठा होता, वाढत होता की घटत होता, ते बघायचं. पुढच्या वर्षी त्याच महिन्यात चंद्र तसाच झाला की तो त्याचा दिवस. इंग्रजी तारीख दर वर्षी पुढे-मागे सरकते. तुझी आजी एक नोव्हेंबरला सकाळी सहा वीसला गेली. तुमच्याकडे तेव्हा एकतीस ऑक्टोबरची, हॅलोवीनची संध्याकाळ होती.

आता तू वाच. त्या संध्याकाळी आठला दहा कमी असताना तू काय करत होतास, ते मला माहीत आहे हे तुला माहीत नाही. तुमच्या वस्तीतल्या मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर फोटो आहे. 'आपापल्या देशाचं भूत' अशी वेशभूषा होती. तू यम झाला होतास. डोक्याला पुठ्ठ्याची शिंगं, खांद्यावर गदा, हातात दोरीचा फास, आणि नाकाखाली कानापर्यंत गेलेल्या काळ्याभोर मिशा. आजूबाजूला दहाबारा पोरं, आणि तू दात काढून त्यांना चॉकलेटं वाटतो आहेस. फोटोखाली वेळही आहे, सात बेचाळीस.

आईला न्यायला जो आला होता त्याच्याच वेशात तू होतास, आणि तेव्हा मी तिचा हात धरून दुसऱ्या हातानं तुला फोन लावत होते.

हा फोटो मी शाळेसमोरच्या दुकानातून कागदावर छापून आणला आहे. आईच्या फोटोच्या मागे खोचून ठेवला आहे.

सुधा

*

आर्वी
२९ सप्टेंबर २०२४
(टाकलेलं नाही. तू आलास की हातात देणार.)

अच्युत,

काल तुझा निरोप आला. माझं पहिलं पत्र मिळालं म्हणतोस. "ताई, तू रागावली आहेस ते बरोबर आहे. आईचं वर्षश्राद्ध मी येऊन स्वतः करणार. एकोणतीस ऑक्टोबरला नागपूरला उतरतो, एकतीसला विधी. ती तारीख मी जन्मात विसरणार नाही."

मी तीन वेळा वाचलं आणि मग स्वयंपाकघरात जाऊन हसले. एकटीच, मोठ्यानं.

आई गेली आश्विन वद्य चतुर्थीला. ती ह्या वर्षी वीस ऑक्टोबरला आहे, रविवारी. तू ज्या दिवशी पिंड द्यायला बसणार आहेस त्या दिवशी नरकचतुर्दशी आहे. सगळं गाव उटणं लावून आंघोळ करून फराळ करत असेल, आणि डॅलसहून आलेला इंजिनीअर दारोदार भटजी शोधत फिरेल. बावीस वर्षं तिकडे राहून तू वाढदिवसासारखी आईची तारीख धरून बसला आहेस, तीही डॅलसची. आपल्या घरात ही चूक फक्त तूच करू शकतोस.

मी तुला सांगणार नाही. उत्तरात एकच शब्द पाठवला, 'ये.' वीस तारखेला वर्षश्राद्ध मी करणार, धनंजयगुरुजीला सांगूनही ठेवलं आहे. तू एकोणतिसाला बॅग ओढत येशील आणि तेव्हा सगळं आटोपलेलं असेल. भांडीसुद्धा घासून पालथी घातलेली असतील. दारात उभं राहून आपण उशीर केला हे कळणं कसं असतं, ते तुला कळायला हवं. ते सांगून कळत नाही, अच्युत. मी अकरा दिवस तुला फोनवर सांगितलं होतं.

सुधा

*

आर्वी
३ ऑक्टोबर २०२४
(हेही टाकलेलं नाही.)

अच्युत,

काल सर्वपित्री झाली. वर्षाच्या आत गेलेल्या माणसाचं श्राद्ध पितृपक्षात करत नाहीत, म्हणून आईचं पान नव्हतं. बाबांचं पान काढलं, त्याला मदतीला शोभाबाई आल्या होत्या. किराणा दुकान नवऱ्यावर टाकून आल्या. वडे तळताना मी त्यांना तिथीचं सांगून बसले. पोटात ठेवायला हवं होतं, पण हसू येत होतं.

त्या हसल्या नाहीत. झारा परातीत ठेवून म्हणाल्या, "सुधाताई, त्याले सांगा न. काही झालं तरी आईचं आहे ते. तो येऊन राह्यला एवढ्या दुरून."

"मागच्या वर्षी काऊन नाई आला?" मी विचारलं. शोभाबाई पुन्हा वडे तळायला लागल्या. जाताना मात्र म्हणाल्या, "तुमच्या आईनं काय म्हटलं असतं, ते पहा."

आई काय म्हणाली असती ते मला ठाऊक आहे, कारण ती अकरा दिवस तेच म्हणत होती. वर्ध्याच्या दवाखान्यात, नाकाला नळी असताना. पहिले चार दिवस, "अच्युत येऊन राह्यला का?" मग दोन दिवस, "त्याले सुट्टी भेटली का?" आठव्या दिवशी माझी समजूत घालायला लागली. "तिकीट महाग असन गं. घाई करू नको म्हणा त्याले. पण येजो म्हणा." मी बाहेरच्या पायऱ्यांवर येऊन तुला फोन करायचे. तू म्हणायचास, पुढच्या आठवड्यात काम संपतं आहे, डॉक्टर काय म्हणतात, ऑक्सिजन किती आहे. आकडे विचारायचास. आत जाऊन मी आईला सांगायचे, निघाला आहे. अकरा दिवस मी तिच्याशी तुझ्यासाठी खोटं बोलले. शेवटच्या सकाळी तिनं विचारलं, "विमान उतरलं का?" मी म्हटलं, उतरलं.

ते खोटं माझ्या तोंडून तू काढलंस. त्याची भरपाई म्हणून आता एक दिवस मीही गप्प बसणार. एवढा हक्क मला आहे.

सुधा

*

आर्वी
१४ ऑक्टोबर २०२४
(हे टाकून उपयोग नाही, तू आधी पोचशील.)

अच्युत,

सकाळी सुरभीचा फोन आला. तुला करत नसले तरी तिचा उचलते.

"आत्या, मी आजीची तिथी काढली! तू सांगितलं तशी. मूनचा चार्ट लावला. आजीचा मून कमी होत होता, फोर्थ डे. तो ट्वेंटीएथला येतो. बाबा थर्टीफर्स्ट म्हणतात, ते चूक आहे ना?"

काय सांगू? चौतीस वर्षं बरोबर उत्तराला बरोबरची खूण केली आहे. तोंडातून निघून गेलं, "बरोबर आहे, बाळा. शाब्बास." मग मागून तुझा आवाज आला, "काय? वीस?" आणि खुर्ची सरकल्याचा आवाज.

दुपारी तुझा निरोप. तिकीट बदललं, वीसला सकाळी नागपूर. "ताई, तू मला का नाही सांगितलंस?"

उत्तर दिलं नाही. दिवसभर डोक्यात तिडीक आहे. तू माझी पत्रंसुद्धा नीट वाचत नाहीस. तिथी म्हणजे काय हे मी सरळ अक्षरात लिहून पाठवलं होतं. तो कागद तू पोरीचा म्हणून बाजूला काढलास. आणि एवढं करूनही वेळेवर पोचतो आहेस. तुझं नशीब लहानपणापासून असंच आहे. अभ्यास मी करायची आणि पेपर तुला सोपा जायचा.

ये. पण पाट माझा आहे, एवढं लक्षात ठेव. त्यावरून मी उठणार नाही.

सुधा

*

आर्वी
३१ ऑक्टोबर २०२४

अच्युत,

आज नरकचतुर्दशी. पहाटे उटणं लावून आंघोळ केली, आईच्या फोटोपुढे चकली ठेवली, आणि आता लिहायला बसले आहे. न टाकलेली तिन्ही पत्रं मी तुझ्या बॅगेत शर्टांच्या खाली ठेवली होती. विमानात वाचली असशील. म्हणजे आता तुझ्यापासून लपवलेली एकच गोष्ट उरली आहे. ती ह्या पत्रात आहे, पण आधी मला वीस तारखेबद्दल लिहायचं आहे. तिथे होतास तरी तुला सगळं दिसलं असेल असं मला वाटत नाही.

तू पावणेबाराला आलास. टॅक्सीचं दार वाजलं तेव्हा मी पाटावर होते. बोटात दर्भाचं पवित्रक, पुढ्यात पिंडाचा भात. आत येऊन तू माझ्याकडे पाहिलंही नाहीस. बॅग भिंतीला टेकवलीस, शर्ट काढलास आणि म्हणालास, "ताई, सोवळं कुठं आहे?" जणू मी तुझी जागा धरून बसले होते आणि आता तू आलास म्हणजे मी चहा टाकायला उठायचं.

धनंजयनं पोथीतून मान वर केली. तो माझ्या हाताखाली सातवी शिकला आहे, अजून मला बाई म्हणतो. अवघडून म्हणाला, "बाई, आता दादा आले. मुलगा आला म्हणजे मुलानंच बसा लागते. तुम्ही जरा..."

"धनंजय," मी म्हटलं, "मडकं धरून पुढं कोण चाललं होतं?"

"तुम्ही, बाई."

"अस्थी घेऊन कौंडण्यपूरले कोण गेलतं?"

"तुम्हीच."

"दर महिन्याचं मासिक?"

त्यानं मान हलवली.

"मग पुढचा मंत्र सांग."

तो तुझ्याकडे पाहत राहिला. तेव्हा मी तुझ्याकडे वळले. शोभाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, त्यांच्यामागे त्यांची सून. लोकांसमोर नको असं माझ्या मनात आलं नाही. लोकांसमोरच हवं होतं. मी आईच्या फोटोमागून तुझा फोटो काढला आणि पानापाशी ठेवला.

"बसायचं आहे न तुले? आधी सांग, आई गेली तवा कुठं होता तू? मोठ्यानं सांग."

तू फोटोकडे बघत राहिलास. उघडा, घामेजलेला, गोल पोटाचा पन्नाशीचा माणूस. मला वाटलं होतं तू चिडशील, इंग्रजीत काही बोलशील. तू बोललास ते थेट आईच्या भाषेत. बावीस वर्षांत ती तुझ्या तोंडून मी ऐकली नव्हती.

"मले दिसले होते तुझे फोन," तू म्हणालास. "सहाच्या सहा. पहिला आला तवाच समजलं."

तूच पुढे बोलत राहिलास. गदा तिथंच टाकून घरी पळालास, न्हाणीघरात जाऊन दार लावलंस. मिशा सुरभीच्या मार्करनं रंगवल्या होत्या, न पुसल्या जाणाऱ्या शाईच्या. "असल्या तोंडानं आई गेल्याचं कसं ऐकू, ताई? म्हटलं, मिशा पुसतो आन लगेच फोन करतो. त्या निघेचनात. साबण लावला, नमिताचं नखाचं रंग काढायचं पाणी लावलं. कातडी निघाली, पण मिशा निघाल्या नाईत. बाहेर पोरं दार वाजवून राह्यली होती, चॉकलेट द्या म्हणून. मी घासूनच राह्यलो."

मला आठवलं. दुसऱ्या दिवशी तू व्हिडिओवर आलास तेव्हा तुझा वरचा ओठ लाल आणि सुजलेला होता. मला वाटलं होतं, रडून झाला असेल. तेवढ्यासाठी तेव्हा मी तुला थोडं माफही केलं होतं. मग आठ दिवसांनी फोटो पाहिला.

शोभाबाईंनी डोळ्याला पदर लावला. धनंजयनं पोथी मिटली. सगळ्यांना वाटलं आता बहीण उठेल, भावाला जवळ घेईल. माझ्याही आत काहीतरी हललं, ते खोटं सांगत नाही. पण मी तुला विचारलं, "त्या दिवशी मिशा होत्या. त्याच्या आधीचे अकरा दिवस काय होतं?"

तू उत्तर शोधलंही नाहीस, एवढं बरं केलंस. काम होतं, सुट्टी नव्हती, असं एक अक्षर जरी तू बोलला असतास तर मी तुला बॅगेसकट बाहेर काढलं असतं.

तू खाली बसलास. माझ्या मागे, थोडा डावीकडे. तिथे पूर्वी आई बसायची, बाबा श्राद्ध करत असताना. तिळाची वाटी तुझ्या हाताशी होती. धनंजयनं मंत्र सुरू केला आणि मी हात मागे केला, तर तू त्यावर तीळ ठेवलेस. मग पाणी, मग दर्भ. विधी संपेपर्यंत तू मला एकेक वस्तू देत राहिलास आणि मी वळून पाहिलं नाही. आईचं नाव मी घेतलं, गोत्र मी सांगितलं, पिंड मी ठेवला. तू नमस्कार केलास तो सगळ्यांच्या शेवटी.

मला वाटलं होतं, ह्यानं माझं समाधान होईल. नाही झालं. राग होता तिथंच होता. म्हणून पुढचं केलं.

आता लपवलेलं सांगते.

विधी झाल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि आईचं पान वाढलं. वडे, कढी, खीर, गवारीची भाजी. ते पान मागच्या दारानं नेऊन न्हाणीच्या कवेलूंच्या छपरावर ठेवलं. तू तेव्हा पुढच्या खोलीत धनंजयशी बोलत होतास. मी दारात परत पोचलेही नव्हते, एवढ्यात कावळा आला. एक पाय अधू असल्यासारखा उडी मारत आला. खिरीला चोच लावली नाही, सरळ वडा उचलला आणि शेजारच्या निंबावर जाऊन बसला. मी तिथंच उभी राहिले. आईला वडे आवडायचे, खीर तिला कधीच आवडली नाही.

मग मी आत आले आणि दुसरं पान वाढलं. तुझ्या हातात देऊन म्हटलं, "गच्चीवर ठेव आणि बोलाव. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय कुणी जेवायचं नाही."

शोभाबाईंनी मागच्या दारातून सगळं पाहिलं होतं. त्यांनी तोंड उघडलं, मी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी मिटलं.

तू वर गेलास. वीस ऑक्टोबरचं ऊन, तापलेली गच्ची, दोन दिवसांचा विमानाचा शीण. जिन्याच्या खाली मला ऐकू येत होतं. "काव काव, काव काव." आधी लाजत, कुणी बघेल म्हणून. मग मोठ्यानं. कावळे एव्हाना मागच्या बाजूला पहिल्या पानाभोवती जमले होते, वर कशाला येतील? तासाभरानं तुझा आवाज बसला. मग तू काव काव म्हणणं सोडलंस आणि 'आई' म्हणायला लागलास. नुसतं आई, आई, आई. शोभाबाईंनी माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "आता पुरे करा, बाई." मी हात सोडवून घेतला. मी जिन्यात बसून राहिले आणि तुला आणखी तासभर हाक मारू दिली.

अडीचला तू खाली आलास. चेहरा भाजून निघालेला. "नाई आला," म्हणालास. मग लहान पोरासारखं विचारलंस, "ताई, आईनं घास नाईच घेतला का गं?"

मी म्हटलं, "नाई घेतला."

तू जेवला नाहीस. धनंजयनं दर्भाचा कावळा करून पानाला लावला, शास्त्राला चालतं म्हणून तुझी समजूत घातली. त्या बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी तू परत गेलास तेव्हा माझ्या पाया पडलास, आणि मी पाय मागे घेतले नाहीत, पण हातही ठेवला नाही.

काल सुरभीचा निरोप आला. प्रोजेक्ट छान झालं, बाईंनी भिंतीवर लावलं. आणि मग तिनं लिहिलं आहे की बाबा रोज सकाळी ऑफिसला जायच्या आधी मागच्या कुंपणावर ताट ठेवतात. वडा, भात. नमिताकडून वडे करायला शिकले, हात भाजून घेतला. तिथे उभे राहून कावळ्यांना हाका मारतात. त्यांच्याकडचे काळे पक्षी येतात, पण ते कावळे नाहीत असं बाबा म्हणतात आणि पुन्हा हाका मारतात. समोरच्या लोकांना ती हॅलोवीनची सजावट वाटली, त्यांनी कौतुक केलं. मेक्सिकोच्या शेजारणीला मात्र ती सजावट वाटली नाही. ती येऊन ताटाशेजारी झेंडूची फुलं ठेवून गेली. "आत्या, बाबा ऑफिसला उशिरा जातात. आजी अजून जेवली नाही म्हणतात. ती कधी जेवणार?"

निरोप वाचला आणि मला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं. तू वाट बघत होतास. जो येणार नाही त्याची, रोज, ताट घेऊन. मला ह्याहून चांगला सूड ठरवूनही घेता आला नसता. रात्री जेवायला बसले आणि ताट तसंच झाकून ठेवलं. तुझी दया आली म्हणून नाही. अजूनही नाही. पोरीनं विचारलं, ती कधी जेवणार, आणि मला उत्तर माहीत होतं, आणि मी ते देत नव्हते.

मोबाइलवर कळवलं असतं तर तुला ह्या क्षणी कळलं असतं. तसं करणार नाही. हे पत्र स्पीड पोस्टानं टाकते आहे, दिवाळीची गर्दी आहे, बारा-पंधरा दिवस लागतील. तेवढे दिवस तू आणखी उभा राहा. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही.

आई जेवली आहे, अच्युत. तू गच्चीवर चढायच्या आधीच जेवली होती. सुरभीला सांग, आणि ताट आत घे.

सुधाताई